मांघरचा जांभळाचा मध : घ्यावा का?

सातारा-महाबळेश्वर टुरिस्ट गाडी चालवतो. "दादा, ओरिजिनल मध कुठं मिळेल?" हा प्रश्न वेण्णा लेक येईपर्यंत गाडीत निघतोच. रस्त्याकडेच्या बऱ्याच दुकानांत गिऱ्हाईक नेलं की ड्रायव्हरला कमिशन असतं. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना हिशेब डोक्यात राहील. मांघरातल्या ज्या घरातून मी मध घेतो तिथं कमिशन नाही. चहा मिळतो, तोही बिनसाखरेचा मागितला तर तोंड वाकडं करून.

मांघर म्हणजे महाबळेश्वर तालुक्यातलं छोटं गाव. मे २०२२ मध्ये खादी व ग्रामोद्योग मंडळानं देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून ते जाहीर केलं. बोर्ड लागायच्या कितीतरी आधीपासून इथं घरोघरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत. पेटीतली माशी सातेरी. तिला अंधारी ढोली लागते आणि एकाशेजारी एक अशी पोळी ती लावते, म्हणून ती पेटीत नांदते. कड्याला लोंबणारं भलंमोठं एकच पोळं असतं ते आग्याचं. ती बाई पेटीत यायची नाही. तेव्हा पेटीतला मध दाखवून कुणी "आग्याचा आहे" म्हणाला, तर गाडी पुढं घ्या.

मागच्या उन्हाळ्यात त्या घरातल्या काकींनी पॅसेंजरांसमोर पेटी उघडली. धुराचे दोन झोत, मग वरच्या कोठीतली एक चौकट अलगद वर. मेणानं पांढरी बंद झालेली घरं सुरीनं तासली की खाली मध चकाकतो. चौकट यंत्रात घालून हातानं फिरवायची, मध बाहेर उडतो आणि पोळं तसंच्या तसं पेटीत परत जातं. खालच्या पिलाव्याच्या कोठीला, म्हणजे अंडी-पिल्लं असतात तिला, हात नाही. पूर्वी रानात पोळं जाळून, अंड्या-पिल्लांसकट पिळून मध काढायचे. तो गढूळ मध लहानपणी आम्हीही चाटलाय.

पुण्याच्या एका बाईंनी तिथंच विचारलं, "पण तुम्ही माशांना साखरेचा पाक देता ना?" काकी म्हणाल्या, "देतो की ताई. आमच्याकडं पावसात माशी बाहेर पडंल तरी कशी? पण त्या दिवसांत आम्ही मध काढत नाही." मला हे उत्तर आवडलं. "छे छे, कधीच नाही" म्हणणाऱ्यावर माझा भरवसा नसतो.

चव सांगतो. जांभळाचा मध गडद, काळपट लाल, गोडाच्या मागून जिभेवर किंचित कडसर तुरटपणा. दुकानातल्या पातळ पिवळ्या मधाची सवय असेल तर पहिला चमचा आवडणार नाही. हिरड्याच्या, गेळ्याच्या फुलांचा वेगळा लागतो आणि एकाच घरचा मध दर वर्षी सारखा नसतो. थंडीत बाटलीत रवाळ होतो. लोक लगेच "साखर घातली" म्हणून फोन करतात. साहेब, खरा मधही गोठतो. बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, आजी काहीही म्हणो.

आता कुरकुर. दर ब्रँडेड बाटलीच्या जवळजवळ दुप्पट. झाकणं भिकार: एकदा डिकीत बाटली आडवी झाली आणि पॅसेंजरची बॅग, माझी स्टेपनी, सगळं चिकट. रेंज नसते, त्यामुळं ऑनलाइन पैसे अडकतात, रोख न्या. हंगाम संपला की "नाही" म्हणतात. हे शेवटचं मी तक्रारीत धरत नाही.

तरी दुप्पट दर का द्यावा? माघ-फाल्गुनात घाटातून वर येताना डोंगर जळताना दिसतात. नवं गवत चांगलं फुटतं म्हणून कुणीतरी काडी लावतं आणि जांभूळ, हिरड्याची रोपटीही जातात. ज्याच्या पेट्या रानाच्या कडेला आहेत त्याला वणवा परवडत नाही. काकींचा मुलगा आणि भावकीतली पोरं डहाळ्या घेऊन विझवायला पळतात, आग पुढं सरकू नये म्हणून गवत काढून जाळपट्टे काढतात. हिरडा तोडू देत नाहीत. शेजारच्या स्ट्रॉबेरीवाल्याला सांगून औषध मारणं संध्याकाळवर ढकललंय, माशी पेटीत परतल्यावर. स्ट्रॉबेरीलाही माशी लागतेच, त्यामुळं तोही फार कुरकुरत नाही. वनखात्याच्या फलकापेक्षा ही राखण जास्त चालते, असं माझं मत.

साडेचार स्टार. अर्धा झाकणासाठी कापला.

आणखी एक. कारवीचा मध मागत बसू नका. कारवी हे डोंगरावरचं झुडूप, ते एका डोंगरावर सात-आठ वर्षांनी एकदा फुलतं. दर वर्षी, बारा महिने, लागेल तेवढा कारवीचा मध देणारं दुकान सापडलं, तर त्याला विचारा कुठल्या डोंगरावरचा. मग मलाही कळवा, पॅसेंजर घेऊन येतो.