लायब्ररीयन मॅडम, मी आणि कोबी: एमएस्सी नर्सिंगचे आठ महिने

आधीच सांगते, पुस्तकं किती, एसी चालतो का, खुर्च्या कशा हे यात मिळणार नाही. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, मग पोस्ट बेसिक (डिप्लोमानंतरची नर्सिंगची डिग्री), मधे 9 वर्षं वॉर्ड, आणि आता 34व्या वर्षी एमएस्सीला (ओबीजी, म्हणजे बाळंतपण आणि स्त्रीरोग) बसलेय, तर लायब्ररी म्हणजे कार्ड दाखवून पुस्तक घ्यायची खिडकी एवढीच माझी ओळख होती. इथे डीम्ड युनिव्हर्सिटीत ज्या लायब्ररीयन मॅडम भेटल्या त्यांच्या शिकवण्याचा हा अनुभव.

माझा विषय ऐकून घरचे हसतात. बाळंतिणीची छाती दुधाने भरून दगडासारखी होते तेव्हा गार कोबीची पानं लावून आराम पडतो का, हे बघायचंय. सिनॉप्सिससाठी, म्हणजे प्रबंधाच्या आधी द्यायच्या आराखड्यासाठी, पबमेडमध्ये (वैद्यकीय पेपर शोधायची साइट) 'कॅबेज' टाकलं तर कीड काय, खतं काय, कोबीचे जीन्स काय, सगळं शेतकी कॉलेजचं निघालं, दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. शेवटी लाज सोडून मॅडमकडे गेले. त्यांनी कॉम्प्युटरला हातच लावला नाही, कागद घेतला आणि पिको विचारलं, म्हणजे प्रश्नाचे चार खाने, पेशंट कोण, करणार काय, तुलना कशाशी, मोजणार काय. फर्स्ट इयरला पिको पाठ केलेलं होतं हो, पण पाच मार्कांची शॉर्ट नोट म्हणून, ते सर्चसाठी वापरायचं असतं हे तेव्हा कळलं! मग एकेका खान्याचे सगळे पर्यायी शब्द ऑरने जोडायचे (कुठलाही एक चालेल), खाने एकमेकांना अँडने (सगळे हवेत), 'ब्रेस्ट एन्गॉर्जमेंट' अवतरण चिन्हात म्हणजे दोन शब्द सुटे होत नाहीत, आणि एन्गॉर्ज पुढे चांदणी टाकली की त्याची सगळी रूपं येतात. मेश टर्म, म्हणजे पबमेडचे ठरलेले विषय-शब्द, बघायला लावल्या तर कोबीसाठी तिथे ब्रासिका निघालं. पूर्ण सर्च लावल्यावर राहिले ते पेपर एका बैठकीत चाळता येतील एवढेच. मग सिनाल, नर्सिंगच्या पेपरांचा डेटाबेस, दाखवलं, म्हणाल्या नर्सिंगची बरीच जर्नल्स पबमेडमध्ये नसतात, इथे बघत जा. आणि कॉक्रेनमध्ये (एका विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासून रिव्ह्यू काढतात ते) तर छाती भरण्यावरच्या उपायांचा आख्खा रिव्ह्यू तयार, त्यात कोबीसुद्धा आहे! निष्कर्ष असा की फायदा होत असावा पण पुरावा कच्चा. मी खट्टू झाले, मॅडम म्हणाल्या अहो पुरावा कच्चा आहे म्हणूनच तुम्हाला अभ्यासाला जागा आहे ना.

रेफरन्सिंगचं सांगते. आमच्याकडे व्हँकुव्हर, म्हणजे नंबरवालं, मधे एक रेफरन्स घुसवला की पुढचे सगळे नंबर हलतात आणि रात्री एक वाजता माणूस रडतो. मॅडमनी झोटेरो, रेफरन्स सांभाळायचं सॉफ्टवेअर, बसवून दिलं, फुकट आहे, नंबर आपोआप बदलतात. पण डोळे मिटून विश्वास ठेवू नका, आपल्याकडच्या लेखकांची नावं ते उलटीसुलटी उचलतं, आडनावाच्या जागी बापाचं नाव बसतं. प्रत्येक नोंद हाताने तपासायची.

पहिल्या ड्राफ्टला सिमिलॅरिटी, म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर, 38 टक्के आली. यूजीसीचा 2018 चा नियम 10 टक्क्यांपर्यंत माफ, त्यापुढे 40 पर्यंत असेल तर सुधारून पुन्हा द्या. मला वाटलं शब्द बदलले की झालं. मॅडमनी सांगितलं पेपर बंद करा आणि काय वाचलंत ते मला मराठीत सांगा, मग तेच इंग्रजीत लिहा. आम्ही शाळेपासून पुस्तकातलं जसंच्या तसं उतरवलं की शाबासकी मिळवलेली माणसं, त्यामुळे हे जड गेलं, पण दुसऱ्या ड्राफ्टला 9 आले. एका मैत्रिणीने एआयकडून रेफरन्स घेतले होते, मॅडमनी डीओआय (प्रत्येक पेपरचा कायमचा ओळख नंबर) तपासले तर त्यातले चार पेपर जगात अस्तित्वातच नव्हते.

आता खटकलेलं. ओरिएंटेशन पहिल्याच आठवड्यात, तेव्हा कोणाला विषयसुद्धा मिळालेला नसतो, 60 पोरी एका हॉलमध्ये, स्लाइडवर लॉगिन कसं करायचं, कोण ऐकतंय! तेच सिनॉप्सिसच्या महिन्यात ठेवा ना. वेळेचं तर विचारूच नका, मॅडम 10 ते 5, आमची क्लिनिकल पोस्टिंग सकाळी साडेसात ते अडीच, मग क्लास, म्हणजे त्यांना गाठायचं तर जेवण सोडायचं. हॉस्टेलवरून लॉगिन अर्ध्या वेळा चालत नाही. सरकारी कॉलेजातल्या मैत्रिणीला जानेवारी 2025 पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन (सरकारी कॉलेजांना जर्नल्स खुली करणारी केंद्राची योजना) आहे, आमचं खाजगी, त्यामुळे कुठलाही पेपर अडला की मी तिलाच मेसेज करते.

आणि गाईडशी खटके उडतात बरं का. गाईड म्हणणार रिव्ह्यूत 50 पेपर पाहिजेतच, मॅडम म्हणणार 15 नीट वाचा. मी 15 नीट वाचले आणि 35 गाईडसाठी घातले, काय करणार. स्टॅटिस्टिक्समध्ये मॅडम पडत नाहीत, पहिल्याच दिवशी सांगतात ते माझं काम नाही. मला हे आवडलं.

सिनॉप्सिस पास झालाय, डेटा कलेक्शन चालू आहे. रोज सकाळी मंडईतून कोबी घेऊन वॉर्डात जाते, परवा भाजीवाल्याने विचारलं ताई मेस चालवता का.