मोरपंखी बॅग, बुडापेस्टचा पूल आणि एक चाक : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मापं, लिटर, वजन सगळं बॅगेच्या पानावर असतंच, ते परत लिहीत नाही. २४ इंची, हार्ड शेल, चार चाकं, मोरपंखी रंग. सेलमध्ये ५,४९९ रुपयांना घेतली. छापील किंमत साडेबारा हजार होती. त्या किमतीला ही बॅग कुणी घेतली असेल असं मला वाटत नाही.

आमच्या लग्नाला मे महिन्यात २५ वर्षं झाली. पुण्यातल्याच दोन जोडप्यांची, बिबवेवाडीवाल्यांची आणि औंधवाल्यांची, पंचविशीही त्याच वर्षात. तिघांचे तीन हॉल आणि तीन जेवणावळी वाचवून (हा युक्तिवाद ह्यांचा, हिशेब मी नंतर मांडला, तो इथे नको) आम्ही डॅन्यूब नदीवरची सात रात्रींची क्रूझ घेतली. बुडापेस्टला चढायचं, जर्मनीत पासाऊला उतरायचं, आणि त्याआधी तीन दिवस बुडापेस्ट आपलं आपण बघायचं. बॅग त्यासाठीच घेतली.

सुरुवातीला मी खूश होते. गल्लीतल्या रद्दीवाल्याच्या काट्यावर टांगली तेव्हा २२ किलो ६०० ग्रॅम भरली, तरी घरातल्या फरशीवर एका बोटाने ढकलता येत होती. चेन अडकत नव्हती. पट्टा फराळाच्या डब्यांनाही पुरला. एक्स्प्रेस वेवरून मुंबई विमानतळापर्यंत गाडीच्या डिकीत तिच्यावर औंधवाल्यांची बॅग होती आणि औंधवाल्यांच्या बॅगेत काय असतं ते मला माहीत आहे. तरी पोचा पडला नाही. शेलला पैकीच्या पैकी मार्क.

बुडापेस्टमध्ये आम्ही बुडाच्या बाजूला, किल्ल्याच्या टेकडीवर राहिलो, कारण औंधवाल्यांना फिशरमन्स बॅस्टियनच्या (टेकडीवरचा बुरुजांचा सज्जा, तिथून सगळी नदी दिसते) जवळच राहायचं होतं. बुडा, ओबुडा आणि पेस्ट ही तीन वेगळी गावं १८७३ मध्ये एक झाली. मधून डॅन्यूब वाहते आणि समोरच्या काठावर पार्लमेंट. त्याचा घुमट ९६ मीटर उंच, आणि सेंट स्टीफन्स बॅसिलिकाही तेवढीच उंच. मग्यार लोक, म्हणजे हंगेरियनांचे पूर्वज, इसवी सन ८९६ मध्ये इथे आले असं मानतात, म्हणून ९६. आपण पाकिटात शंभराच्या नोटेवर एक रुपया ठेवतो त्यातलाच प्रकार. १८९६ मध्ये हजार वर्षं झाली म्हणून त्याच साली त्यांनी जमिनीखालची मेट्रोसुद्धा सुरू केली, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली. स्टेशनं रस्त्याच्या इतकी लगेच खाली आहेत की पायऱ्या थोड्याच लागतात. आपली पुण्याची वनाझ-गरवारे मेट्रो २०२२ मधली, पण लिफ्टच्या बाबतीत आपणच पुढे, हे मी बिबवेवाडीवाल्यांना तिथे दोनदा सांगितलं.

आता चाक.

क्रूझच्या दिवशी दुपारी बोटीवर जायचं होतं. बोट पेस्टच्या काठाला. टेकडीवरून १६ नंबरची बस निघते, ती पूल ओलांडून थेट पेस्टमध्ये सोडते. पण आमचा ७२ तासांचा पास सकाळी दहाला संपला होता. दोन तासांसाठी सहा तिकिटं काढायची? मीच म्हटलं, उतारच तर आहे, चालत जाऊ. (मूळ परीक्षणात हे वाक्य नव्हतं. ह्यांनी वाचून घालायला लावलं.)

वरच्या गल्ल्यांत दगडी फरसबंदी आहे. दगड छान, गुळगुळीत, फोटोत सुंदर दिसतात, पण दोन दगडांमधली फट बरोबर या चाकाच्या रुंदीची. चार चाकी बॅग उभी ढकलायला असते ती विमानतळाच्या फरशीवर. दगडांवर ती तिरकी करून मागच्या दोन चाकांवर ओढायची, पण ही चाकं गोल फिरणारी असल्यामुळे तिरकी केली की आडवी होतात आणि प्रत्येक फटीचा धक्का चाकाला न बसता चाक धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या काट्याला बसतो. बिबवेवाडीवाल्यांची दहा वर्षांपूर्वीची दोनचाकी बॅग, आतल्या बाजूला रबरी मोठी चाकं घट्ट बसवलेली, खडखडत का होईना पण निघाली. मी तिच्या रंगाला लग्नातल्या आहेरासारखा म्हणून हसले होते.

चेन ब्रिजच्या अलीकडच्या टोकाला दगडी सिंह आहेत. तिथे रस्त्याच्या कडेला चढवताना कट्ट आवाज झाला. चाक सुटून घरंगळत चाललं, ह्यांनी ते पायाने अडवलं, रुमालात गुंडाळलं आणि खिशात टाकलं. उरलेला पूल बॅग तीन चाकांवर, म्हणजे खरं तर माझ्या उजव्या खांद्यावर. हा पूल १८४९ चा, १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवला आणि १९४९ मध्ये पुन्हा उभा राहिला, ही माहिती मला त्याच वेळी ऐकवण्यात आली.

बोटीवर गेल्यावर बॅगेबद्दल दोन गोष्टी कळल्या, त्या कुणी लिहीत नाही. नदीवरच्या बोटी धक्क्याला एकीला एक लावून उभ्या करतात, त्यामुळे आपल्या बोटीवर जायला दुसऱ्या बोटीच्या लॉबीतून जावं लागलं. तिथल्या गालिच्यावर माझ्या मोडक्या काट्याची एक रेघ उमटली असेल, मी मागे वळून पाहिलं नाही. दुसरी गोष्ट, केबिन लहान असते आणि हार्ड शेल बॅग मधोमध उघडते. दोन्ही अर्धी पसरली की बाथरूमचं दार उघडत नाही. सात दिवस हे माझ्या साड्यांवरून उडी मारून दात घासायला गेले. बंद केल्यावर मात्र पलंगाखाली आडवी बरोबर बसते, वर दोन बोटं जागा उरते. मोठी २८ इंची घेतली असती तर औंधवाल्यांसारखी पायाशी उभी ठेवावी लागली असती.

संध्याकाळी बोट सुटली तेव्हा पार्लमेंटचे दिवे लागले होते. सगळे डेकवर, मीही. पिवळा उजेड पाण्यात थेट बोटीपर्यंत आला होता. औंधवाली डोळे पुसत होती. मला मात्र पासाऊ स्टेशनवर ही बॅग कशी न्यायची याचीच चिंता. रात्री जेवणानंतर केक आला, तिन्ही जोडप्यांना मिळून एक. ह्यांनी तोंड पुसायला रुमाल काढला आणि चाक टपकन केकशेजारी पडलं. वाढणाऱ्या मुलाने ते अदबीने बशीत ठेवून परत दिलं.

इथपर्यंत मी जूनमध्ये लिहून ठेवलं होतं आणि पाचपैकी दोन तारे दिले होते. नंतर जे झालं त्यावरून एक करणार होते.

वॉरंटी पाच वर्षांची, 'इंटरनॅशनल'. सर्व्हिस सेंटरला पावतीसकट गेले. पहिल्या खेपेला सांगितलं, चाक म्हणजे झीज, झीज वॉरंटीत येत नाही. तीन आठवड्यांची बॅग झिजली कुठे, विचारलं, तर म्हणे फोटो मेल करा. दुसऱ्या खेपेला, विमान कंपनीने मोडलं असेल, त्यांच्याकडे सात दिवसांच्या आत लेखी तक्रार करायला हवी होती. मी म्हटलं, मोडताना मी स्वतः हजर होते. तिसऱ्या खेपेला, या मॉडेलचा पार्ट येत नाही, नवीन बॅगेवर ३० टक्के सूट देतो. त्या ३० टक्क्यांनंतरची किंमत माझ्या सेलच्या किमतीपेक्षा जास्त होती. १९४५ ला उडवलेला पूल चार वर्षांत परत मिळतो आणि पुण्यात एक चाक मिळत नाही, असं मी तिथे बोलले. काउंटरवरच्या मुलीने ते लिहून घेतलं. कशासाठी, माहीत नाही.

मग रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला एका बॅग दुरुस्तीवाल्या चाचांकडे गेले. लोखंडी डब्यात चाकं, शेकडो, सगळ्या मापांची. त्यांनी बॅग उलटी करून अस्तराची चेन उघडली आणि मला आत बोट घालायला लावलं. "ताई, हे बघा, कंपनीने रिव्हेट मारलंय. स्क्रू असता तर तुम्ही घरी बदललं असतं." रिव्हेट ड्रिलने उडवलं, जाड रबराचं चाक नट-बोल्टने बसवलं. वीस मिनिटं, ३५० रुपये. ह्यांच्या खिशातलं जुनं चाक दाखवलं तर म्हणाले, हे पोरांना खेळायला द्या.

ते एक चाक आता बाकी तिघांपेक्षा चांगलं आहे. गणपतीत चिपळूणला एसटीने, दिवाळीनंतर नागपूरच्या लग्नाला रेल्वेने, सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर तर रोज कुणीतरी मागून नेतं, पण रबरी चाक आवाजसुद्धा करत नाही. बाकीची तीन करकरतात. शेल, चेन, हँडल अजून नव्यासारखे. म्हणून तारे दोनाचे तीन केले. घेणार असाल तर दुकानातच अस्तराची चेन उघडा आणि चाकाच्या जागी आत बोट घाला. गोल गुळगुळीत बटण लागलं तर रिव्हेट, खाच लागली तर स्क्रू. दुकानदार बघत राहील, बघू द्या.

चाचा म्हणाले होते, चारही घ्या, हजारात करून देतो. मी एकच बसवलं. पुढचं मोडलं की त्याचे साडेतीनशे देईन. जुनं चाक ह्यांच्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे.