खातं माझ्या नावाचं, ईमेल त्याचा: 2,40,000 पॉइंट असे गेले

हॉटेलच्या पॉइंटच्या नावाखाली एका दलालाने मला गंडवलं. आकडे आधी सांगतो. क्रेडिट कार्डाचे 2,40,000 रिवॉर्ड पॉइंट. दलालाला यूपीआयने दिलेले 18,500 रुपये. आणि ते पॉइंट स्वतःच्या हाताने घालवायचं बँकेचं शुल्क, 99 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 116 रुपये 82 पैसे. हेच पॉइंट निमूटपणे बिलात वळते केले असते, तर माझ्या कार्डाच्या 30 पैसे दराने 72,000 रुपये सुटले असते.

ओटीपी कोणाला सांगितला नाही. कुठल्या लिंकवर बोट ठेवलं नाही. 'तुमचे पॉइंट आज रात्री लॅप्स होणार' या मेसेजला फसणाऱ्यांतला मी नव्हे. पण इथे त्यातलं काही लागलंच नाही.

पॉइंट हॉटेलच्या सभासद खात्यात वळवायचे आणि त्यावर पंचतारांकित मुक्काम घ्यायचा, यात काही गैर नाही. बिलात वळवण्यापेक्षा त्यात बऱ्याचदा जास्त किंमत मिळते. माझं गुणोत्तर 2:1 होतं, म्हणजे 2,40,000 चे 1,20,000 हॉटेल पॉइंट. रात्रीला 30,000 प्रमाणे चार रात्री. इथपर्यंत दलालाची गरज शून्य. त्याने गळाला लावलं ते स्टेटस: 'कॉर्पोरेट लिंकिंग'मधून थेट वरची श्रेणी, म्हणजे स्वीट अपग्रेड, नाश्ता आणि दुपारी चारचं चेकआउट. अट एकच. जुन्या खात्याला हे लागू होत नाही, नवीन खातं उघडावं लागतं, आणि ते तोच उघडून देणार. त्याचे 18,500.

इथेच कळायला हवं होतं. खातं उघडल्याचा वेलकम मेल माझ्या इनबॉक्समध्ये आलाच नाही. विचारलं तर म्हणे, 'कॉर्पोरेट खात्यांचे मेल आमच्या डेस्कला येतात, तुम्हाला मी फॉरवर्ड करतो.' आणि मी 'बरं' म्हटलं! सभासद क्रमांक माझ्या नावाचा, पासवर्डही मला दिलेला, लॉगिनही होत होतं. पण पासवर्डला काडीची किंमत नाही हो. ज्याच्याकडे ईमेल, त्याच्याकडे खातं; 'पासवर्ड विसरलात?' एवढं दाबलं की संपलं.

बँकेची तपासणी या चालीने सहज चुकवता येते. पॉइंट वळवताना बँकेने सभासदाचं नाव आणि कार्डधारकाचं नाव जुळतं का, ते पाहिलं. जुळलं. नोंदणीचा ईमेल कोणाचा, हे तिला दिसतच नाही. ओटीपी मीच टाकला. चौथ्या दिवशी पॉइंट जमा झाले, बुकिंग झालं, मी हॉटेलला फोन करून कन्फर्मेशन नंबर पडताळला. खरा होता! म्हणून तर निर्धास्त राहिलो. पण पॉइंटवरचं बुकिंग मुदतीत रद्द केलं की पॉइंट त्याच खात्यात परत येतात आणि रद्द झाल्याचा मेल जातो नोंदणीच्या पत्त्यावर. त्याच्या. पुढे तेच पॉइंट त्याने दुसऱ्यांच्या नावच्या खोल्यांवर उडवले आणि त्यांच्याकडून बहुधा रोख घेतली.

बुकिंग एकदा पडताळून थांबू नका. रद्द करण्याची मुदत संपेपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी हॉटेलच्या अ‍ॅपवर स्वतःच्या लॉगिनने पाहा.

आता दाद मागायची गंमत ऐका. हॉटेलच्या सभासद कक्षाचं उत्तर: 'नोंदणीकृत ईमेलवरून तक्रार पाठवा.' तो ईमेल चोराचा आहे, हीच माझी तक्रार! ओळखपत्र पाठवलं, तर पुढचा प्रश्न, खातं कोणी उघडलं? खरं सांगावं तर पंचाईत, कारण अशा योजनांच्या नियमांत पॉइंटची खरेदी-विक्री निषिद्ध असते आणि खातं बंद होऊ शकतं. बँक म्हणाली, वळवलेले पॉइंट परत येत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य अशी तरतूद आहे, ती दाखवली. बँक म्हणे, ती अनधिकृत व्यवहारांसाठी, तुमचा अधिकृत, फाइल बंद. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर यूटीआर नंबर, म्हणजे बँक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, विचारला. 18,500 चा होता, तो घेतला. तोवर दलालाच्या बँक खात्यात खडखडाट. पॉइंटला यूटीआर कुठून आणू? पोलीस ठाण्यात तर 'पॉइंट म्हणजे नक्की काय गेलं?' इथूनच सुरुवात, आणि तीन वेगवेगळ्या टेबलांवर तीनदा. प्रत्येकाने समजावून घेतलं, मान डोलावली आणि पुढच्या टेबलाकडे बोट दाखवलं. चोर एकदाच भेटला, हे लोक महिनाभर भेटत होते.

मॅरियट हॉटेलांच्या बोनव्हॉय या सभासद योजनेत सलग पाच रात्री पॉइंटवर घेतल्या तर सर्वांत कमी पॉइंटची रात्र मोफत मिळते. माझी हॉटेल कंपनी वेगळी, पण असे उघड नियम दलाल 'आमची सेटिंग' म्हणून विकतात. अकॉर या हॉटेल कंपनीत 2,000 पॉइंटचे 40 युरो, दर बांधलेला. तिथे कोणी निम्म्या पॉइंटांत खोली देतो म्हटला की फोन ठेवा.

पॉइंट वळवण्याआधी हॉटेलच्या खात्यात जाऊन ईमेल आणि मोबाइल दोन्ही स्वतःचे आहेत का पाहा. आधी खोली पॉइंटवर उपलब्ध आहे का ते बघा, मगच वळवा. उलट करू नका. पॉइंटची मुदत जवळ आली म्हणून घाई करण्यापेक्षा बिलात वळवा, तोटा चालेल.

गेलेच, तर 1930 ला रोख रकमेची तक्रार त्याच तासाला करा. पॉइंटची वेगळी, त्यात सभासद क्रमांक, पॉइंट वळवल्याची तारीख आणि बँकेचा संदर्भ क्रमांक. बँकेला फोनवर सांगून भागत नाही, लेखी द्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माझी तिथे आहे. स्थिती: 'विचाराधीन'.