गळका मास्क आणि एंड-टायडल ऑक्सिजनचा मॉनिटर: काही महिने वापरल्यानंतर

इंदूरमधल्या एका मध्यम हॉस्पिटलात मी भूल देते. पावसाळ्याआधी आमच्या ओटीत गॅस मॉनिटर आला. रुग्णाने सोडलेल्या श्वासाच्या शेवटी (एंड-टायडल) ऑक्सिजन किती टक्के आहे, ते तो दर श्वासाला दाखवतो. आता त्याच्याशिवाय भूल सुरू करायला मन धजत नाही. भुलीच्या औषधाने श्वास थांबतो, म्हणून आधी मास्कने ऑक्सिजन देऊन फुफ्फुसं भरून घ्यायची असतात.

बोटावरचा पल्स ऑक्सिमीटर थोड्याच श्वासांत १०० वर जातो, मास्क गळत असला तरी. हवेतून फुफ्फुसांत आलेला नायट्रोजन मात्र तेव्हा पुरता निघालेला नसतो. शरीर मिनिटाला साधारण २५० मिलि ऑक्सिजन वापरतं. फुफ्फुसं ऑक्सिजनने नीट भरलेली असली, तर श्वास थांबल्यावर निरोगी माणसाला सात-आठ मिनिटं मिळतात, नाहीतर जेमतेम एक-दीड. लठ्ठ रुग्णाला भरूनही तीनच्या आसपास. म्हणून सोडलेल्या श्वासात ९० टक्के दिसेपर्यंत थांबायचं.

दात नसलेल्या आजींचे गाल आत गेलेले असतात, मास्क बसतच नाही. तीन मिनिटं झाली तरी आकडा सत्तरीतच. नंदलालपुऱ्याकडच्या आजी आधीच विचारतात, "अगं, कवळी काढू ना?" मी म्हणते, "राहू द्या आजी, मी सांगेन तेव्हा काढू." कवळी तोंडात, मास्क दोन्ही हातांनी धरलेला, डोक्याकडची बाजू २५ अंश वर, ऑक्सिजनचा प्रवाह वाढवलेला, मग आकडा डोळ्यांसमोर चढतो. सिस्टरनाही तो दिसतो, त्यामुळे "मॅडम, झालं का?" ही घाई थांबली. माझ्या मते हा सगळ्यात मोठा फायदा. दाढीवाल्यांत फरक पडतो, पण इतका नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. गळती थांबतच नसेल तर मी मास्कखाली नाकाची नळी लावून जादा ऑक्सिजन देते. त्याचा उपयोग होतो. पण तो ऑक्सिजन मॉनिटर तपासतो त्या श्वासाच्या नमुन्यात मिसळतो आणि आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसू शकतो. तेव्हा त्यावर विसंबू नका. शिवाय नळीमुळेच मास्कच्या कडेला फट पडते, म्हणून चांगल्या बसणाऱ्या मास्कखाली ती लावत नाही.

मॉनिटरकडे नमुना नेणाऱ्या बारीक नळीत पाणी साचतं, ते गोळा करणारी डबी (वॉटर ट्रॅप) वेळेवर रिकामा करावा लागतो. किंमतही बरीच आहे. छोट्या नर्सिंग होमला परवडत नसेल तर निदान मास्कला जोडलेल्या श्वासाच्या बॅगेकडे आणि कॅप्नोग्राफकडे (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड रेघेने दाखवणारं यंत्र) बघा: श्वासागणिक बॅग हलत नसेल किंवा कार्बन डायऑक्साइडची रेघ खुजी, वाकडीतिकडी येत असेल, तर मास्क गळतोय. बोटावर १०० असले तरी भुलीचं औषध टोचू नका, आधी मास्क नीट बसवा.