नवं शस्त्र कुठल्या सिम्युलेटरमध्ये घालावं: स्ट्राइक फायटर्स २, डीसीएस की आयएल-२ १९४६?

कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये स्वतःचा बॉम्ब किंवा क्षेपणास्त्र घालायचं ठरलं की बहुतेक जण आधी थ्रीडी मॉडेलच्या मागे लागतात. खरी मेख विमानात असते. आपलं शस्त्र ते विमान उचलेल का, आणि उचललंच तर सोडेल का? गेम निवडताना हा प्रश्न आधी विचारा.

या कसोटीवर माझी पहिली पसंती थर्ड वायरच्या स्ट्राइक फायटर्स २ ला. गेम २००८ चा आहे, पण त्याची रचना फार मोकळी आहे. प्रत्येक शस्त्राचा वेगळा फोल्डर, त्यात साध्या मजकुराच्या आयएनआय (सेटिंग्जच्या) फाइल्स. वजन, व्यास, लांबी, ड्रॅग (हवेचा विरोध), क्षेपणास्त्र असेल तर बूस्टर किती सेकंद जळणार आणि लॉक किती अंतरावरून होणार, सगळं नोटपॅडमध्ये बदलता येतं. सुरुवातीला स्वतःचं मॉडेलही लागत नाही, गेममधल्याच एखाद्या मॉडेलचं नाव दिलं की काम भागतं. विमानाची डेटा फाइलही तशीच साध्या मजकुराची असते. कुठल्या पायलॉनवर (विमानाखाली शस्त्र टांगायच्या जागेवर) कोणत्या वर्गाचं शस्त्र चालेल, किती वजनापर्यंत, कोणत्या देशाच्या जोडणीचं, हे तिथे लिहिलेलं असतं.

नवा बॉम्ब लोडआउटच्या, म्हणजे विमानावर लादायच्या शस्त्रांच्या, यादीत दिसत नसेल, तर फाइल बिघडली असं लगेच समजू नका. आधी अटॅचमेंट टाइप, म्हणजे जोडणीचा प्रकार, बघा: बॉम्ब सोव्हिएत जोडणीचा आणि पायलॉन अमेरिकी असेल तर तो लपतो. मग सेवेत येण्याचं वर्ष बघा. शस्त्र १९७२ चं आणि मोहीम १९६८ ची असेल तर गेम ते देणारच नाही. शीतयुद्धाचा काळ यामुळे इतका नेटका जपला जातो की ही अडचण मला गुणच वाटते.

डीसीएस वर्ल्डमध्ये चित्र वेगळं. शस्त्राची व्याख्या लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या स्क्रिप्टमध्ये करायची आणि मॉडेल ईडीएम या डीसीएसच्या स्वतःच्या फाइल स्वरूपात काढायचं. मॉड, म्हणजे गेममध्ये आपण घातलेली ही भर, सेव्ह्ड गेम्समधल्या फोल्डरमध्ये ठेवा. मूळ इन्स्टॉलेशनमधल्या फाइल्स बदलल्यात तर अपडेट किंवा रिपेअर झाल्यावर मेहनत पुसली जाते. दिसण्यात आणि उड्डाणाच्या भौतिकशास्त्रात डीसीएस उरलेल्या दोघांच्या कितीतरी पुढे आहे. पण एफ/ए-१८सी सारख्या संपूर्ण कॉकपिटच्या विमानात शस्त्रप्रणाली कंपाइल केलेल्या, म्हणजे आपल्याला उघडून बदलता न येणाऱ्या, कोडमध्ये बसलेली असते. पायलॉनवर नवं क्षेपणास्त्र टांगता आलं तरी ती प्रणाली त्याला ओळखेलच असं नाही. न ओळखलेलं शस्त्र नुसतं लटकत राहतं, बटण दाबून काही होत नाही. म्हणून इथे सुरुवात एआयने (संगणकाने) उडवायच्या विमानापासून किंवा स्वतःच्या मॉड विमानापासून करावी. विकत घेतलेल्या मॉड्यूलवर (तयार विमानावर) नवं क्षेपणास्त्र चालवायचा हट्ट असेल, तर महिनोन्महिने घालवायची तयारी हवी.

आयएल-२ १९४६ निवडायचं ते दुसऱ्या महायुद्धाच्या ओढीने. २००१ च्या मूळ गेमचं हे २००६ मधलं एकत्रित रूप. इथे शस्त्र म्हणजे जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतला एक क्लास (कोडचा तुकडा), आणि बॉम्बच्या गुणधर्मांची नावं ‘कालिब्र’ (व्यास), ‘मास्सा’ (वजन) अशी रशियन वळणाची. लोडआउटही विमानाच्या क्लासमध्येच नोंदवलेले असतात, शिवाय विमानाच्या मॉडेलमध्ये बॉम्ब अडकवायचा हुक हवा. तो नसेल तर मॉडेललाच हात घालावा लागतो. जावा येत असेल तर मजा आहे, नसेल तर या वाटेला जाऊ नका.

आणि मित्रांसोबत ऑनलाइन उडायचं असेल, तर तोही हिशेब आत्ताच करा. डीसीएसचे बरेच सर्व्हर इंटेग्रिटी चेक (फाइल्स मूळच्याच आहेत का याची तपासणी) लावतात, बदललेल्या स्क्रिप्टला ते आत घेत नाहीत. तुमचं शस्त्र वापरायचं तर तीच मॉड, त्याच आवृत्तीची, सगळ्यांकडे असावी लागते. आयएल-२ मध्येही सगळ्यांचा मॉडपॅक एकच हवा. एकट्याने मोहिमा खेळणाऱ्याला ही कटकट नाही, आणि त्याने डोळे झाकून स्ट्राइक फायटर्स २ घ्यावा.