होमब्रूसाठी कोणते हँडहेल्ड निवडावे : गेम बॉय, गेम बॉय अ‍ॅडव्हान्स की डीएस?

जुन्या हँडहेल्ड कन्सोलसाठी स्वतःचा गेम लिहायचा (यालाच होमब्रू म्हणतात) किंवा स्वतःची कार्ट्रिज (यंत्रात बसवायची, गेम साठवलेली डबी) तयार करायची असे ठरले, की पहिला प्रश्न येतो तो यंत्राच्या निवडीचा. निन्टेंडोची तीन यंत्रे बहुतेक वेळा विचारात घेतली जातात : १९८९ चा गेम बॉय, २००१ चा गेम बॉय अ‍ॅडव्हान्स आणि २००४ चा डीएस. ताकदीच्या हिशेबाने हा क्रम चढता आहे. परंतु छंद म्हणून काम करणाऱ्याने ताकद पाहून निवड करू नये, असे माझे ठाम मत आहे. यंत्राची रचना किती लवकर डोक्यात बसते आणि लिहिलेला प्रोग्राम खऱ्या यंत्रावर किती सहज चालवून पाहता येतो, यावरच प्रकल्प पूर्ण होणार की अर्धवट राहणार हे बरेचसे ठरते.

गेम बॉयचा ८-बिट प्रोसेसर सुमारे ४.१९ मेगाहर्ट्झ वेगाने चालतो. मुख्य मेमरी ८ किलोबाइट आणि चित्रांची मेमरीही तेवढीच आहे. पडदा १६० × १४४ पिक्सेलचा असून त्यावर फक्त चार छटा दिसतात. एका वेळी ४० स्प्राइट (पडद्यावर स्वतंत्रपणे हलवता येणारी छोटी चित्रे) ठेवता येतात, पण एका आडव्या ओळीत १० पेक्षा जास्त उमटत नाहीत. या मर्यादांमुळे गेमचा आवाका आपोआप आटोक्यात राहतो, आणि एकट्याने काम करणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे. प्रोग्रामिंग मुळीच येत नसेल तर जीबी स्टुडिओमध्ये दृश्ये आणि घटना जोडत पूर्ण गेम उभा करता येतो. सी भाषा येत असेल तर जीबीडीके-२०२० आहे, आणि असेंब्ली (प्रोसेसरच्या सूचना थेट लिहिण्याची भाषा) शिकण्याची तयारी असेल तर आरजीबीडीएस आहे.

एक अडचण मात्र प्रत्येक नवशिक्यासमोर येते. पडद्यावर ओळ रेखाटली जात असताना प्रोसेसरला चित्रांच्या मेमरीत लिहिता येत नाही आणि त्या क्षणी पाठवलेला डेटा मुकाट्याने गळून पडतो. ढिसाळ एम्युलेटर (संगणकावर यंत्राची नक्कल करणारे प्रोग्राम) हा नियम पाळत नाहीत. त्यामुळे संगणकावर व्यवस्थित दिसणारे चित्र खऱ्या यंत्रावर तुटक उमटते. म्हणून सेमबॉयसारखा काटेकोर एम्युलेटर पहिल्या दिवसापासून वापरावा.

गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचा अनुभव याहून बराच वेगळा आहे. त्यातील ३२-बिट आर्म प्रोसेसर १६.७८ मेगाहर्ट्झचा असून त्यासाठी जीसीसी हा नेहमीचा कंपायलर (लिहिलेल्या कोडचे यंत्राच्या सूचनांत रूपांतर करणारा प्रोग्राम) वापरता येतो. डेव्हकिटआर्म हा त्यावरच आधारलेला संच आहे आणि सी++ पसंत करणाऱ्यांसाठी बुटानो ही चांगली लायब्ररी आहे. पडदा २४० × १६० पिक्सेलचा, रंग ३२,७६८ आणि स्प्राइट १२८. त्याच्या एका चित्रप्रकारात प्रत्येक पिक्सेल मेमरीतील एकेका १६-बिट स्थानाशी थेट जोडलेला असतो, त्यामुळे अगदी थोड्या ओळींच्या प्रोग्रामनेही पडद्यावर ठिपका दिसतो आणि उत्साह टिकतो. ज्याला सी येते त्याने केवळ सॉफ्टवेअर लिहायचे असेल, तर मी निःसंकोचपणे याच यंत्राची शिफारस करेन.

खाचखळगे येथेही आहेत. चित्रांच्या मेमरीत एकच बाइट लिहिण्याचा प्रयत्न केला, तर बिटमॅप प्रकारात (जेथे प्रत्येक पिक्सेल मेमरीत थेट मांडलेला असतो) तीच किंमत शेजारच्या बाइटमध्येही जाते, आणि २५६ रंगांच्या पॅलेटवर (रंगांच्या यादीवर, जेथे एका बाइटात एक पिक्सेल बसतो) काम करताना एक पिक्सेल रंगवायला गेल्यावर दोन रंगतात. उपाय सोपा आहे : १६ बिट एकदम वाचावेत, हवा तो अर्धा भाग बदलावा आणि सगळे परत लिहावे. वेगाचेही असेच आहे. कार्ट्रिजकडून माहिती १६-बिट मार्गाने येते, म्हणून तेथून चालणारा कोड आर्म प्रोसेसरच्या थंब या आखूड सूचनांत ठेवावा आणि ज्या भागाला खरी घाई आहे तो ३२ किलोबाइटच्या जलद अंतर्गत मेमरीत हलवावा.

हार्डवेअरकडे वळल्यावर मात्र पारडे उलट फिरते. गेम बॉयच्या कार्ट्रिजला ३२ पिना असतात, त्यांत पत्त्याच्या (मेमरीतील कोणती जागा हवी ते सांगणाऱ्या) १६ आणि डेटाच्या ८ रेषा वेगवेगळ्या असून सर्व काम ५ व्होल्टवर चालते. गेम ३२ किलोबाइटमध्ये बसत असेल तर बँक (मेमरीचे भाग) बदलणारी चिप लागतच नाही. एक साधी मेमरी चिप जवळजवळ थेट जोडता येते. शिवाय यंत्र स्वतःच तपासणीस मदत करते. सुरू होताना ते कार्ट्रिजमधून ४८ बाइटचा लोगो वाचून पडद्यावर उतरवते आणि जुळला नाही तर तेथेच थांबते. लोगोच्या जागी काळा पट्टा दिसला तर डेटा येतच नाही असे समजावे. लोगो विस्कटलेला दिसला तर एखादी रेषा तुटलेली आहे किंवा दोन रेषा एकमेकींना चिकटलेल्या आहेत का, ते पाहावे. नुकतीच सोल्डरिंग शिकणाऱ्याला इतके स्पष्ट निदान इतरत्र क्वचितच मिळते.

अ‍ॅडव्हान्सची कार्ट्रिज ३.३ व्होल्टवर चालते आणि १६ रेषांवर आधी पत्ता, मग डेटा असा प्रवास होतो, त्यामुळे पत्ता धरून ठेवणारे वेगळे सर्किट लागते. सुरुवातीला हे टाळावे आणि तयार फ्लॅशकार्ट (स्वतःचा प्रोग्राम भरता येणारी कार्ट्रिज) घ्यावे. तेही नको असेल तर लिंक केबलमधून (दोन यंत्रे जोडणाऱ्या तारेतून) २५६ किलोबाइटपर्यंतचा प्रोग्राम कार्ट्रिजशिवाय थेट मेमरीत पाठवण्याची सोय यंत्रातच आहे. लहान मायक्रोकंट्रोलर बोर्डने (प्रोग्राम करता येणारी चिप असलेल्या पट्टीने) हे काम करता येते आणि वारंवार चाचणी घेताना ही वाट फार सोयीची पडते.

डीएसमध्ये ६७ व ३३ मेगाहर्ट्झचे दोन प्रोसेसर, ४ मेगाबाइट मेमरी, २५६ × १९२ पिक्सेलचे दोन पडदे आणि वायफाय आहे. ब्लॉक्सडीएस हा विकाससंच आणि मेलनडीएस हा एम्युलेटर दोन्ही भरवशाचे आहेत. तरीही दोन प्रोसेसरांमधील देवाणघेवाण, मेमरीची वाटणी आणि त्रिमिती चित्रांचे नियम सांभाळत पहिला प्रकल्प करणे जड जाते. चित्रकलेचे साधन, संगीताचा कीबोर्ड किंवा लेखणीने सोडवायचे कोडे अशी स्पर्शाशिवाय उभीच राहू न शकणारी कल्पना असेल तरच डीएस घ्यावा. आणि तसे असेल तर आधी दुसऱ्या यंत्रावर सराव करण्यात वेळ न घालवता थेट खालच्या, स्पर्श ओळखणाऱ्या पडद्यापासून सुरुवात करावी.