कॉमन लॉच्या नावाने गृहकर्ज ‘रद्द’ करून देणाऱ्यांपासून सावध राहा

इंग्लंडमध्ये गृहकर्जाचे हप्ते थकलेल्या कुटुंबांना गाठायचे, ‘कॉमन लॉप्रमाणे, म्हणजे इंग्लंडच्या परंपरागत कायद्याप्रमाणे, तुमचे कर्ज मुळातच अवैध आहे’ असे त्यांना पटवायचे आणि ते रद्द करून देण्याच्या नावाखाली पैसे उकळायचे, असा एक धंदा येथे राजरोस चालतो. आमच्या कुटुंबाला त्याची झळ बसली. आता आपल्या काही मराठी कुटुंबांकडेही तेच कागद फिरू लागल्याचे कळल्यामुळे हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. या मंडळींच्या हातातली पुस्तके बनावट नसतात, हे आधीच सांगून ठेवतो. मॅग्ना कार्टा ही इंग्लंडच्या राजाची 1215 ची सनद, सर एडवर्ड कोक आणि विल्यम ब्लॅकस्टन हे जुने कायदेपंडित, ही नावे खरी आणि उतारेही शब्दशः खरे. प्रत्येक उतारा मूळ लेखकाने जिथे अट घातली आहे, त्याच्या नेमका अलीकडे तोडलेला असतो, आणि सारी फसवणूक त्या तोडण्यात आहे.

आम्ही लंडनच्या हॅरो भागात राहतो. 2023 मध्ये आमच्या कर्जाचा ठरावीक व्याजदराचा काळ संपला. बँक ऑफ इंग्लंडचा मूळ दर त्या ऑगस्टमध्ये 5.25 टक्क्यांवर गेला होता, त्यामुळे नवा हप्ता आमच्या आवाक्याबाहेर गेला. त्यातच पत्नीच्या कामाचे तास कमी झाले आणि थकबाकी साचू लागली. ओळखीच्या एकांनी व्हॉट्सॲपवर एका ‘मालमत्ता हक्क मार्गदर्शन सत्रा’चे निमंत्रण पाठवले. सत्र भाड्याच्या सभागृहात होते आणि प्रवेश विनामूल्य होता. टेबलावर ब्लॅकस्टनच्या ग्रंथाचे कातडी बांधणीचे चार खंड मांडून ठेवलेले होते. दोन तासांत मार्गदर्शकांनी त्यांतला एकही उघडला नाही. उतारे वाचले गेले ते प्लास्टिकचा मुलामा दिलेल्या एका पानावरून, आणि त्याचीच प्रत प्रत्येकाला वाटण्यात आली.

त्या पानावर सर्वांत वर मॅग्ना कार्टामधले वचन लाल अक्षरांत छापले होते : कोणाही स्वतंत्र माणसाला त्याच्या जमिनीतून बेदखल केले जाणार नाही. हे कलम त्या सनदेच्या 1297 च्या आवृत्तीत 29 व्या क्रमांकावर आहे आणि आजही लागू आहे, इथपर्यंत त्यांचे सांगणे बरोबर होते. मात्र त्याच वाक्यात पुढे ‘त्याच्या बरोबरीच्या लोकांच्या न्यायनिर्णयाशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय’ असे शब्द येतात. गहाणाच्या थकबाकीवरून न्यायालयाने दिलेला ताब्याचा आदेश हा देशाचा कायदाच असल्यामुळे हे शब्द वाचल्यावर सगळा युक्तिवाद कोसळतो. त्याखाली 1215 च्या मूळ सनदेतले 61 वे कलम होते. राजाने वचन मोडल्यास पंचवीस सरदारांनी त्याचे किल्ले आणि जमिनी जप्त कराव्यात, असे ते कलम. त्याच्या आधारे आपण ‘कायदेशीर बंड’ पुकारू शकतो आणि मग कोणतेही न्यायालय आपल्याला बांधील धरू शकत नाही, असे आम्हाला सांगण्यात आले. प्रत्यक्षात पोप तिसऱ्या इनोसंटने ती सनद त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्दबातल ठरवली आणि 1216 मध्ये ती पुन्हा काढली गेली तेव्हा हे कलम गाळलेले होते. पुढच्या कोणत्याही आवृत्तीत ते परत आले नाही. आठशे वर्षांपूर्वी गळालेल्या कलमावर हॅरोतल्या माणसाचे घर वाचवायला निघालेली ही मंडळी!

त्यानंतर आला सेमेनचा खटला. ‘प्रत्येकाचे घर हा त्याचा किल्ला’ हे वचन 1604 च्या या खटल्यामुळे रूढ झाले आणि कोकने लिहिलेल्या खटल्यांच्या वृत्तांतांतून ते सर्वदूर पोहोचले. आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ते माहीत असते, म्हणून त्याच्यावर विश्वास पटकन बसतो. लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स भागातल्या एका घरात एका मृत कर्जदाराचा माल होता. तो जप्त करण्यासाठी धनकोच्या वतीने शेरीफ, म्हणजे न्यायालयाचे आदेश बजावणारा अधिकारी, आला, तेव्हा घरात राहणाऱ्याने दार लावून घेतले, आणि त्यावरून हा खटला उभा राहिला. खासगी देण्यासाठी घराचे दार फोडता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले खरे. परंतु त्याच निवाड्यात न्यायाधीशांनी जे अपवाद सांगितले, त्यांतला एक आमच्या प्रकरणाला जसाच्या तसा लागू पडतो : एखादे घर न्यायालयीन दाव्यात जिंकले गेले असेल, तर शेरीफ ते फोडून ताबा देऊ शकतो, कारण निकालानंतर कायद्याच्या नजरेत ते प्रतिवादीचे घर उरलेलेच नसते. ज्या खटल्याच्या जोरावर आम्हाला निर्धास्त राहायला सांगितले जात होते, त्याच खटल्यात आमच्या विरुद्धचे उत्तर चारशे वर्षांपासून लिहिलेले आहे. मार्गदर्शकांच्या पानावर फक्त किल्ला होता.

ब्लॅकस्टनची गोष्ट थोडी अधिक सांगण्यासारखी आहे, कारण या लोकांचे सर्वांत आवडते अवतरण त्याचे आहे. ऑक्सफर्डला 1758 मध्ये इंग्लिश कायद्याचे पहिले व्हायनेरियन प्राध्यापकपद त्याला मिळाले, आणि त्या व्याख्यानांतून 1765 ते 1769 या काळात इंग्लंडच्या कायद्यांवरील त्याचे भाष्य चार खंडांत प्रसिद्ध झाले. दुसरा खंड सगळा वस्तूंवरील, म्हणजे मुख्यतः जमिनीवरील हक्कांचा आहे. त्याच्या सुरुवातीला तो म्हणतो की माणसाच्या कल्पनेला मालमत्तेच्या हक्काइतके दुसरे काहीच भुरळ घालत नाही. हा हक्क म्हणजे बाह्य वस्तूंवर एका माणसाने विश्वातल्या बाकी सर्वांना वगळून गाजवलेली एकट्याची निरंकुश सत्ता होय. आमच्या पानावर इथे पूर्णविराम होता. मूळ पुस्तकात लगेच पुढे ब्लॅकस्टन म्हणतो की या हक्काचे मूळ शोधण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. तो कसा मिळाला याकडे मागे वळून पाहायला आपण जणू भितो, कारण आपल्या मालकीत एखादी खोट निघेल की काय, अशी धाकधूक मनात असते. निरंकुश सत्तेचे ते वाक्य त्याने प्रचलित भावना सांगण्यासाठी लिहिले आणि पुढच्याच ओळीत त्या भावनेला चिमटा काढला, हे संपूर्ण परिच्छेद वाचणाऱ्याच्या ध्यानात आल्याशिवाय राहत नाही.

आणि त्याच खंडाच्या दहाव्या प्रकरणात गहाणाचा विचार आहे! अटीवर अवलंबून असलेल्या मालकीबद्दलचे ते प्रकरण. ठरल्या दिवशी रक्कम फेडली नाही, तर गहाण टाकलेली जमीन ऋणकोच्या दृष्टीने कायमची मेली, हे पंधराव्या शतकातल्या लिटल्टन या कायदेपंडिताचे स्पष्टीकरण तिथे आढळते. पुढे चॅन्सरी न्यायालयाने मुदत टळल्यानंतरही मुद्दल, व्याज आणि खर्च भरून जमीन सोडवण्याचा हक्क ऋणकोला कसा दिला, तेही तिथेच वाचायला मिळते. म्हणजे कर्जदाराला वाचवणारी खरी वाट याच ग्रंथात होती आणि ती पैसे फेडण्यातून जाणारी होती. ती सांगून कोणाचे सत्र भरणार?

सत्रानंतर ‘वैयक्तिक प्रकरण’ हाती घेण्यासाठी आमच्याकडून 850 पौंड घेण्यात आले. त्याबदल्यात तीन पत्रांचा संच मिळाला. पहिल्या पत्रात, बँकेने स्वतःचे पैसे दिले याचा पुरावा आणि शाईने सही केलेला मूळ करार आणून दाखवावा, अशी मागणी होती. दुसऱ्यात, उत्तर न आल्यामुळे बँक कसूरदार ठरल्याची घोषणा होती, आणि तिसऱ्यात कर्ज शून्य झाल्याचे जाहीर केलेले होते. प्रत्येक पत्रावर नावाशेजारी लाल शाईत अंगठा उठवायचा, कोपऱ्यात टपाल तिकीट चिकटवून त्यावर आडवी सही करायची आणि आपले नाव मोठ्या लिपीत कुठेही येऊ द्यायचे नाही, कारण मोठ्या लिपीतले नाव ही सरकारने निर्माण केलेली वेगळीच ‘व्यक्ती’ असते, अशा सूचना होत्या. ‘हप्ता भरलात तर कर्ज मान्य केल्यासारखे होईल’, असे बजावून जमेल तेवढा हप्ता भरणेही बंद करायला लावले, आणि त्या एका सल्ल्यामुळे बाकी सगळ्यापेक्षा अधिक नुकसान झाले. बँकेच्या वकिलांनी पत्रांना दोन ओळींचे उत्तर दिले आणि त्या उत्तराचा खर्च गहाणखताच्या अटींनुसार आमच्या कर्जात मिळवला.

बँकेने गहाणखतावर सही केलेली नाही म्हणून ते रद्द होते, हा त्यांचा आणखी एक मुद्दा होता. त्यासाठी ते 1989 च्या एका कायद्याचे दुसरे कलम दाखवतात, जे जमिनीच्या विक्रीसारख्या भविष्यातील व्यवहारांच्या करारांवर दोन्ही पक्षांच्या सह्या मागते. गहाणखत हा प्रत्यक्ष हस्तांतराचा दस्त असतो. अशा दस्तांना ते कलम लागू होत नाही, हे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 2011 मध्ये हेल्डेन विरुद्ध स्ट्रॅथमोर या खटल्यात स्पष्ट केले आहे. याविषयी विचारले असता, ‘ती न्यायालये कॉमन लॉची नाहीत’, असे उत्तर मिळाले. वास्तविक कॉमन लॉ म्हणतात तो न्यायाधीशांच्या निवाड्यांतूनच घडलेला कायदा असतो, आणि निवाडे बाजूला काढल्यावर त्यात उरते काय, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते.

या सगळ्या प्रकारावर पहिला संशय घेतला तो साताऱ्याच्या आमच्या मामांनी. दिवाणी वकील म्हणून त्यांनी हयात घालवली आहे. त्यांना पानाचा फोटो पाठवला, तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न केला, ‘ही वाक्ये संपतात कुठे, ते पाहिलेस का?’ इंग्लंडच्या आजच्या कायद्यावर बोलण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला नाही. आपल्याकडच्या 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 60 व्या कलमात गहाण सोडवण्याचा जो हक्क आहे, तो याच इंग्लिश परंपरेतून आलेला आहे आणि तिथेही पैसे भरल्याशिवाय गहाण सुटत नाही, एवढेच त्यांनी सांगितले. त्यांच्या सांगण्यावरून मूळ मजकूर पाहायला घेतला. ब्लॅकस्टनचे चारही खंड येल विद्यापीठाच्या ॲव्हलॉन प्रकल्पाच्या संकेतस्थळावर फुकट उपलब्ध आहेत आणि मॅग्ना कार्टाची लागू असलेली कलमे ब्रिटिश सरकारच्या कायदेविषयक संकेतस्थळावर आहेत. लाल अक्षरे जिथे संपत होती, तिथून पुढचे वाचायला एक संध्याकाळ पुरली.

तोपर्यंत ताब्याच्या दाव्याची तारीख लागलेली होती. ‘न्यायालयाच्या तयारी’साठी आणखी 400 पौंड घेतलेले मार्गदर्शक त्या दिवशी आलेच नाहीत. ते वकील नाहीत, त्यामुळे न्यायाधीशांच्या परवानगीशिवाय त्यांना आमच्या वतीने बोलता आलेच नसते, हे आम्हाला तिथल्या मोफत सल्लागार वकील बाईंकडून कळले. ही सेवा ऑगस्ट 2023 पासून सरकारी खर्चाने चालते. ताब्याची नोटीस आलेल्या कोणालाही, उत्पन्न न पाहता, सुनावणीच्या दिवशी तिचा लाभ मिळतो. बाईंनी आमच्या कागदांतले अंगठे आणि तिकिटे पाहिली, पण चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. त्यांनी आधी पगाराची पत्रके मागितली. 1970 च्या न्यायप्रशासन कायद्याचे 36 वे कलम त्यांनी न्यायाधीशांपुढे ठेवले. कर्जदार वाजवी मुदतीत थकबाकी भरू शकेल असे दिसल्यास राहत्या घराच्या ताब्याचा आदेश न्यायालय पुढे ढकलू किंवा स्थगित ठेवू शकते, असे ते कलम आहे. ही वाजवी मुदत म्हणजे कर्जाचा उरलेला संपूर्ण काळही असू शकतो, हे अपील न्यायालयाने 1995 मधल्या नॉर्गन खटल्यात सांगितलेले आहे. आमचा आदेश स्थगित झाला. चालू हप्ता आणि थकबाकीचा थोडा भाग दरमहा भरायचा, ही त्यातली अट. एकही हप्ता चुकला तर बँक ताब्याची कारवाई पुढे नेऊ शकते.

पैसे परत मागितले, तेव्हा पावती पाहण्यास सांगण्यात आले. पावतीवर ‘शैक्षणिक कार्यासाठी ऐच्छिक देणगी’ असे छापलेले आहे. पोलिसांकडे आणि ग्राहकांच्या तक्रारी पाहणाऱ्या ट्रेडिंग स्टँडर्ड्स विभागाकडे तक्रार दिली आहे. रक्कम हाती आलेली नाही. तीच मंडळी आता काउन्सिल टॅक्स, म्हणजे घरावरचा स्थानिक कर, माफ करून देण्याची सत्रे घेत असल्याचे ऐकतो.

ज्यांच्यावर अशी वेळ आलेली आहे, त्यांच्यासाठी दोन गोष्टी लिहितो. सल्ला देणारा खरोखर सॉलिसिटर किंवा बॅरिस्टर आहे की नाही, हे त्यांच्या नियामक मंडळांच्या नोंदवहीत नाव टाकून पाहता येते. त्याला पैसे लागत नाहीत. न्यायालयाकडून दाव्यासोबत एन 11 एम नावाचा उत्तराचा अर्ज येतो, त्यात उत्पन्न, खर्च आणि दरमहा किती भरता येईल, याचे रकाने असतात. मार्गदर्शकांनी त्या रकान्यांवर मॅग्ना कार्टाचा उतारा चिकटवून अर्ज परत पाठवायला सांगितले होते. बाईंनी सुनावणीआधी बाकावर बसून कोरा अर्ज भरून घेतला, आणि न्यायाधीशांनी जे वाचले ते त्या अर्जातले आकडे.